भांडेवालीच्या गाठोड्यातलं पातळ

नवे कपडे घातले की माणूस स्वतःला शहाणा समजतो. दुकानात जायचं, नोटा टाकायच्या, पिशवी उचलायची. याला डोकं कशाला लागतं? बैलाच्या अंगावरही झूल टाकता येते. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. लग्नातलं सोडलं तर कोरं पातळ तिनं कधी अंगाला लावलं नाही, आणि तिच्याइतकी नेटकी बाई मी वर्ध्यात पाहिली नाही. मी चौथी शिकलेला, कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर जन्म गेला, मला धड लिहिता येत नाही. पण सुना तिच्या जुन्या पातळांना हात लावताना नाक मुरडतात, म्हणून बसलो लिहायला. त्या नाकांची लायकी काय ते मला माहीत आहे.

आम्ही वर्ध्याच्या कडेला पिपरी मेघेला राहायचो. तेव्हा तिथं घरं कमी आणि शेतं जास्त. एक भांडेवाली यायची, पार हिंगणघाटपर्यंत फिरून जुने कपडे घेऊन भांडी देणारी. सगळ्या बाया तिला कपडे देत आणि वाट्या घेत. माझी बायको उलटं करी. भांडं देई आणि कपडे घेई.

"बाई, लोकं अंगावरून उतरवते अन् तू चढवते?" भांडेवाली हसली होती.

"तुया गाठोड्यात काय आहे ते तुलेच कुठी माहीत आहे," बायको म्हणाली. "सोड गाठ."

गाठोडं ती उन्हात सोडायला लावी. कापड उजेडाकडं धरी, काखेचा वास घेई, शिवण उसवून आतला खरा रंग पाही. बहुतेक सगळं परत ढकली. जे ठेवी ते सोडा घालून उकळी आणि मग सुई हातात घेई. माझ्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची, की शर्ट पुन्हा जवान. कुण्या बँकेतल्या साहेबाची टेरिलिनची पँट तिनं मला अशी बसवली, की जिनातला मुनीम टेलरचा पत्ता विचारायचा. मुनीम स्वतः कोऱ्या सफारीत असा दिसे, जशी कापूस ठासलेली उशी.

आणीबाणी उठली त्या सुमारास हिंगणघाटला तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. आईबाप गेलेले, भावाला त्यांच्या आत्यानं वाढवलं होतं. आत्याचं किराण्याचं दुकान, म्हणून तोंड मोठं. नवरदेवाची करवली होण्याचा मान सख्ख्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. पण आत्यानं निरोप धाडला, की करवली माझी पोरगी होईल. तुझ्याजवळ चारचौघांत उभं राहण्याजोगं पातळ तरी आहे का?

त्या दिवशी बायको जेवली नाही. मग तिनं फळीवरचा पाण्याचा पितळी गुंड काढला. आमच्या लग्नात आत्यानंच दिलेला, गळ्याशी आत्याच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. तो भांडेवालीला दिला आणि एक जांभळं रेशमी पातळ घेतलं. मधोमध हातभर जळलेलं, म्हणून कुणी टाकून दिलेलं. ते कुणाचं, हे भांडेवालीनं सांगितलं तेव्हा बायको गालात हसली. मला काही बोलली नाही.

हळदीच्या दुपारी ती ते नेसून मांडवात आली आणि सगळ्या बाया वळल्या. आत्याची पोरगी नव्या नायलॉनमध्ये घामानं चिकटून बसली होती. खुद्द आत्यानं पदर दोन बोटांत धरून पाहिला.

"कोन्या दुकानातलं वो? नागपूरचं दिसते."

नवरदेव म्हणाला, "ताईच करवली होईन." झालं. आत्या तरातरा आत गेली आणि गुंड घेऊन आली. भांडेवाली तो घेऊन फिरत फिरत आत्याच्याच दारात गेली होती.

"पाहा वो बायांनो. मी देलेला गुंड हिनं विकून खाल्ला."

"विकला नाई आत्या," बायको म्हणाली. "त्याच्यात हे पातळ घेतलं. तुयाच घरून निंगालं होतं. भांडेवालीनं सांगतलं."

मला वाटलं, आता आत्या जमिनीत जाईल. ती बाई असली तयार, म्हणते, "मंग ते माहंच झालं ना. काढ."

बायकोनं काढून दिलं. साधं सुती नेसून आली आणि पोळ्या लाटायला बसली. भाऊ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. त्यानं तोंड उघडायला काय जात होतं? पण दुकानाचं खाऊन वाढलेला तो. करवली आत्याची पोरगी झाली.

लग्नाच्या सकाळी आत्या तेच जांभळं नेसली. आपण टाकलेलं, भांडेवालीच्या डोक्यावरून फिरून आलेलं. पण चार बायांनी वाहवा केली की तेच सोनं. आता त्यात गंमत अशी, की बायकोनं जळका तुकडा कापून दुसऱ्या पातळाचा जोड घातला होता. ती काडीसारखी, तिच्या अंगावर तो जोड निऱ्यांत दडून जाई. आत्या तिच्या दुप्पट. निऱ्या पडल्या मोजून तीन, आणि जोड थेट कमरेवर उघडा, ठिगळासारखा. बाया कोपर मारू लागल्या.

"किराणेवाली जोडाचं नेसली वाटते."

मला इतका आनंद जिनातल्या बोनसचाही झाला नव्हता. तेवढ्यात बायको उठली. आत्याला हाताला धरून मांडवामागं नेलं आणि उलट बाजूनं असं नेसवलं, की जोड कुणाच्या बापाला सापडू नये. आत्यानं काय म्हणावं? "जवळच राहजो. सुटलं तर पंचाईत." मंगलाष्टकं झाली तेव्हा सख्खी बहीण आत्याच्या कमरेवर नजर ठेवून मागं उभी होती.

परतताना एसटीत मी तोंड सोडलं.

"काऊन झाकला? दिसू द्याचा होता ना."

"बाया पातळ पाहून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "आत्याले कोन पाह्यते? जोड उघडा दिसला तर हात कच्चा म्हनतीन."

"हात तुया आहे हे कोनाले माहीत होतं?"

"मले."

यावर आमचं भांडण कधी मिटलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी फिरून त्या जोडावर यायचं. आता समोर कुणी नाही, तरी मी भांडतो. मी अजूनही म्हणतो, दिसू द्यायला पाहिजे होता.