कागदी प्लेट

कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजमध्ये मी ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचो. गिऱ्हाईक आलं की इजिप्तच्या फोरमनशी गप्पा मारायचं आणि मला "या हिंदी", म्हणजे "ए हिंदुस्थानी", म्हणून बोटानं बोलवायचं. माझं नाव तिथं एकानंच विचारलं. घानाहून आलेल्या वेल्डरनं. त्याला तर कुणी देशाच्या नावानंही हाक मारत नसे. अरबीतून नुसतं "ए काळ्या".

दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवायचो. माझ्या डब्यातली सुकटाची चटणी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी पुन्हा मागायचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही घरच्या गोष्टी सांगायचो.

एका शुक्रवारी मी त्याला खोलीवर जेवायला बोलावलं. खोलीत आम्ही पाच जण, सगळे देवगड-मालवणकडचे. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केळी घेऊन आला. मी त्याला माझ्या खाटेवर बसवलं. आमच्यातला वयानं मोठा, ज्यानं मला कुवेतला आणलं होतं, त्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ह्या काळ्याक हय कित्याक हाडलंस?"

"माझो दोस्त आसा तो."

"दोस्त भायर. आमच्या ताटात तो जेवतलो? वेगळी प्लेट दी तेका."

आपल्याला बोटानं बोलावतात म्हणून याच माणसाला मी कितीदा संतापलेलं पाहिलं होतं. पण ते तोंडातून निघेना. मी कागदी प्लेट काढली. आम्ही पाच जण स्टीलच्या ताटांत जेवलो. पाहुण्यानं एकदा आमच्या ताटांकडे पाहिलं, सगळा भात संपवला आणि प्लेट दुमडून स्वतःच बाहेरच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्रेसरमागे एकटाच ब्रेड खात बसला होता. मी जाऊन "सॉरी" म्हणालो.

"तसल्या माणसांची मला सवय आहे," तो म्हणाला. "पण तू काहीच बोलला नाहीस."

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

पुढं तो दूर दक्षिणेला, वफ्राला एका शेतावर पंपांच्या कामाला गेला. मी एकदा फोन केला. त्यानं उचलला, तब्येत विचारली. पलीकडे वारा होता. मग त्यानं फोन ठेवला.

मी अजून त्याच चौघांबरोबर राहतो. शुक्रवारी ते पत्ते मांडतात. मी डोकं दुखतंय असं सांगतो आणि बस पकडून फिंतासच्या समुद्रावर जाऊन बसतो.