खंडेनवमीची करवत

झेंडूचा वास आला की मला गिंडी भागातल्या दुकानातून आणलेली मायटर सॉ आठवते. लाकूड हव्या त्या कोनात कापणारी, पुढेमागे सरकणारी, वायरवाली करवत! "सार, आयुधपूजा डिस्काउंट, टुडे ओन्ली!" म्हणत तिथल्या तमिळ दुकानदाराने ती माझ्या गळ्यात मारली. सुट्टीच होती, संध्याकाळपर्यंत पुस्तकांचं कपाट उभं करतो, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. मी वायर सोडवेपर्यंत तिने करवतीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळही घातली. "आज खंडेनवमी. हत्यार वापरायचं नाही." मी चिडून स्वयंपाकघरातली विळी आणि सुरी आणून करवतीशेजारी मांडली. "मग हीसुद्धा हत्यारंच!" ती शांतपणे चपला घालत म्हणाली, "बरं झालं. कुठे जेवायचं?" कपाट अजून व्हायचंय. खंडेनवमीचं बाहेरचं जेवण मात्र एकाही वर्षी चुकलेलं नाही.