नसलेल्या फाइलवर चाललेला वजनकाटा

मी प्रोग्रामर आहे, म्हणजे पेशानेच संशयी. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी त्याला आधी एररचा स्क्रीनशॉट मागते... त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहिते.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. जालन्यात टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत मी आणि कैलास सॉफ्टवेअर बनवायचो. अंबड रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्याचं काम आमच्याकडे होतं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन थेट कॉम्प्युटरवर आणि पावती हातात. काट्याच्या केबिनमध्ये नामदेवमामा बसायचे, कैलासचे सख्खे मामा. कैलास शहागडचा, पण शाळेपासून मामांकडेच वाढला. मामांना त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

आता थोडं तांत्रिक. आमचा प्रोग्राम वजन वाचणाऱ्या एका लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या फाइलवर चालायचा आणि ती लायब्ररी कैलासच्या आणखी एका छोट्या लायब्ररीवर. या छोट्या लायब्ररीला आमचा प्रोग्राम थेट कधी हाक मारायचा नाही, पण ती नसेल तर बाकीचं सगळं ठप्प. प्रोग्राम उघडला की तीच स्क्रीनवर एक ओळ दाखवायची — ‘मामा, चहा झाला का?’

मी चिडायचे. "अरे, गिऱ्हाईकाचं सॉफ्टवेअर आहे, घरचा फळा नाही!"

"राहू द्या ना ताई. त्याच्याबिगर मामा मशीन चालूच करत न्हाईत."

त्या पावसाळ्यात कैलास काविळीने गेला. आठवडाभरात. त्याच्या खुर्चीवर मी कितीतरी दिवस नुसती पर्स ठेवत होते.

दिवाळीनंतर कापूस सुरू होणार म्हणून मी एकटीनेच नवी आवृत्ती केली. मला पसारा सहन होत नाही. प्रोग्राममध्ये जिचं नाव नाही अशी प्रत्येक फाइल मी उडवली, त्यात कैलासची ती लायब्ररीही गेली. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होणं, बिनतक्रार झालं. सीडी घेऊन जिनिंगवर गेले, जुनं फोल्डर पुसलं, नवं टाकलं. चाललं की! समोर ट्रॅक्टरची रांग होती, म्हणून लगेच निघाले.

थंडीत तीच सीडी मी ऑफिसच्या नव्या मशीनवर टाकली तर प्रोग्राम उघडेचना. एरर स्पष्ट होता — कैलासची लायब्ररी सापडत नाही. बरोबरच होतं ते. मग जिनिंगवर दोन महिने काय चाललं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच केबिन गाठली. मामांनी प्रोग्राम उघडला आणि ओळ आली — ‘मामा, बीपीची गोळी घेतली का?’

मी ओळ पुन्हा वाचली. कैलासने असं काही लिहिलंच नव्हतं.

"रोज येगळंच इचारून राह्यलाय," मामा गोळीची पट्टी शोधत म्हणाले. "परवा म्हनला, स्वेटर घाला. जायच्या आधी लिहून ठेवलं असंल पोरानं."

मी फोल्डर पाहिलं. लायब्ररी नव्हती. सगळी डिस्क शोधली, प्रोग्राम ज्यावर चालायचा त्या जावाचं फोल्डरही (तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच). नव्हती. केबिनमध्ये नेट नव्हतं, चावी फक्त मामांकडे. मामांना गाडीचा नंबर टाकण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मग मी जे कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. ऐन सीझनमध्ये काटा बंद पडला तर गाड्या पार रस्त्यापर्यंत लागणार. म्हणून कैलासच्या जुन्या सीडीवरून ती लायब्ररी आणली आणि नीट जागेवर ठेवली.

पंधरवड्याने मामांचा फोन आला. "ताई, आता एकच इचारतोय. च्या झाला का, रोज च्या झाला का... तुम्ही काही केलं का?"

मी लगेच जिनिंगवर गेले. "जे टाकलं ते काढता येतं का?" एवढंच ते म्हणाले. मी लायब्ररी काढली आणि प्रोग्राम उघडला.

एरर. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तोच एरर. जसा कुठल्याही कॉम्प्युटरवर यायला हवा, अगदी तसा. मला रडू फुटलं. मामा चष्मा लावून स्क्रीनकडे पाहत बसले होते. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

"ऱ्हाऊ द्या ताई," शेवटी तेच म्हणाले. "टाका परत. एवढं तरी इचारतोय."

या सगळ्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. मशीन पुढे भंगारात गेलं. मी अजूनही कोड नीटनेटका ठेवते, पण ती फाइल मी पहिल्यांदा आणून ठेवलीच नसती तर... हा विचार काही सुटत नाही.

त्या दिवशी मी फाइल परत टाकली. ओळ आली — ‘मामा, चहा झाला का?’

"झाला रे बाबा," मामा म्हणाले आणि ट्रक काट्यावर घेतला. चहावाला तर अजून आलाच नव्हता.