सहा शब्दांचा ताळा

धनसिंग, तुझा कागद माझ्याकडेच आहे. कुठे ठेवलाय ते लिहीत नाही, नाहीतर तू पुन्हा तोंड पाडून बसशील. हे पत्र पोस्टातही टाकणार नाही, कारण पोस्टातली पत्रं कोण कोण उघडतं यावर तुझं एक लांबलचक भाषण आहे आणि ते मी दुसऱ्यांदा ऐकणार नाही. पण तुझी हकीकत एकदा नीट लिहून काढायची आहे. तीत मी जिथे येते तिथे स्वतःला 'बाई' म्हणेन, तू म्हणतोस तसं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. स्वतःच्या चुकीखाली ओढायची तर जरा लांबून ओढलेली बरी.

तर धनसिंग राठोड. दिग्रसच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान. सकाळी तांड्यावरून मोटारसायकलनं यायचं, शटर वर करायचं आणि दिवसभर लोकांचे पासवर्ड ऐकायचे. हो, ऐकायचे. लोक ते ओरडूनच सांगतात. पोराचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, यापलीकडे गावाची अक्कल जात नाही. कुणी टाइप करायला लागलं की धनसिंग मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतो. निवृत्त कारकून पुंडलिकरावांनी फोनवर कुणाला तरी सहा आकडे सांगितले आणि चहा निवायच्या आत खातं साफ झालं, तेव्हा तक्रारीचा अर्ज यानंच टाइप केला. असे किती अर्ज केले असतील त्यानं! त्या अर्जांनीच तो थकला. माणसाकडे बघताना आधी हा कुठे फसेल, एवढंच त्याला दिसायला लागलं.

त्याची स्वतःची शिल्लक क्रिप्टोत होती. सात-आठ वर्षं थोडी थोडी टाकलेली, मुलीच्या, राखीच्या, नर्सिंगसाठी. त्याच्या आईला, रामीबाईला, हे मुळीच पटत नसे. "तुया पैसा दिसत नाई, वाजत नाई," असं म्हणून ती हातातले चांदीचे कडे एकमेकांवर आपटून दाखवायची. आधी हा पैसा एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये होता. मग त्या कंपनीवरच दरोडा पडला. धनसिंगनं दोन महिने आधी सगळं काढून आपल्या फोनात घेतलं होतं, म्हणून वाचला. आता मधे कुणी नाही. बँक नाही, पासबुक नाही, साहेब नाही. फक्त बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. फोन बिघडला तर नव्या फोनात ते बारा शब्द घालायचे की पैसा परत. ते दुसऱ्याच्या हाती लागले तर पैसा त्याचा. आणि हरवले तर विचारायला जायचं कुठे? माणूसच नाही.

झेरॉक्सवर पोट असलेल्या या माणसाला सगळ्यात भीती कशाची, तर नकलेची. फोटो काढला नाही, कॉम्प्युटरवर टाकलं नाही. पहिले सहा शब्द त्यानं स्वतःजवळ ठेवले आणि उरलेले सहा एका चिठ्ठीवर लिहून बाईंकडे आला. बाईंनी त्याला आठवीत इंग्रजी शिकवलेलं.

"बाई, हे आहे तसं ठेवा. याचा दुसरा कागद करू नका. एकाचे दोन झाले की चोराची सोय."

"आणि मीच चोर निघाले तर?"

"तुमाले लोकाईच्या भानगडीत इंटरेस्ट नाई, म्हणून तं आलो."

हे खरं होतं. बाईंनी चिठ्ठी ठेवून घेतली. जाताना तो म्हणाला, "दर संक्रांतीले तिळगूळ घ्याले येतो, तवा ताळा करून घेऊ." म्हणजे बाईंनी शब्द वाचायचे आणि त्यानं आपल्या डोक्यातल्या क्रमाशी जुळवून बघायचे.

पहिल्या संक्रांतीला बाईंकडे पाहुणे होते. दुसरीला त्याच्या दुकानात फॉर्मांची शेवटची तारीख होती, तिळगूळ राखी घेऊन गेली. तेव्हा जुळवलं असतं तर त्याला सगळे क्रमानं पाठ होते. पुढे ते त्याच्याही डोक्यातून गेले. आपलं कागदावर आहे असं एकदा मनात बसलं की डोकं मोकळं होतं, त्यात त्याचा दोष नाही.

तिसरीच्या आधी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या चिठ्ठीवरची मुंगीएवढी अक्षरं काही दिसेनात, म्हणून बाईंनी ती जाड पेनानं नव्या कागदावर उतरवली आणि दोन कागद नकोत म्हणून जुना गॅसवर धरला. सांगितलेलं तंतोतंत पाळलं. फक्त उतरवताना हात सवयीनं चालला. त्या संक्रांतीलाही ताळा झाला नाही.

गेल्या जूनमध्ये धनसिंगच्या फोनची बॅटरी फुगली आणि फोन संपला. तो राखीला घेऊन आला. तिचा यवतमाळच्या कॉलेजात नंबर लागला होता आणि फी भरायला तीन आठवडे होते. बाईंनी कागद पुढे केला. गोट, किचन, लॅडर, टोमॅटो, अंब्रेला, वूल. (हे शब्द आता मेले, म्हणून लिहिते.)

धनसिंगनं यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"बाई, हे तुमी एबीसीडीनं लावले काय?"

"मग? शब्दांची यादी तशीच करतात. तुला मीच शिकवलंय."

"हो," तो म्हणाला. "चांगलं शिकवलं होतं."

राखीनं आकडेमोड केली. सहा शब्द सातशे वीस तऱ्हांनी लागतात.

"त्यातला पयला कोनता होता, तेवढं आठोते काय?" त्यानं विचारलं. बाई ठामपणे म्हणाल्या, अंब्रेला. बाई ठामच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी तो बसू लागला. एका बाजूला वही, एका बाजूला नवा फोन. बारा शब्द घालायचे, चुकीचे म्हणून लाल अक्षरं आली की वहीत फुली. यात एक छळ असा की मधूनच एखादा क्रम चालायचा. खातं उघडायचं आणि आत शून्य. कुणाचंच नसलेलं, रिकामं खातं. अशी किती उघडली!

बाईंचा मुलगा मंदार पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. बाई म्हणाल्या, "त्याला बाराही शब्द पाठव, दोन मिनिटांत काढून देईल."

"बाराही नाई देत, बाई."

"माझ्या मुलावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर सहाचा होता."

बाईंना राग आला. मग त्यांनी फी भरते म्हणून सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या, आठ दिवसांत उघडते. ते आठ दिवस अंब्रेलात गेले. ती पहिली नव्हतीच.

फीची तारीख गेली. कॉलेजनं पुढच्या मुलीला बोलावलं. त्यानंतर बाराव्या दिवशी टोमॅटो पहिला धरून खातं उघडलं आणि आत सगळं जिथल्या तिथे होतं. चोरी झाली नव्हती, काही हरवलंही नव्हतं. धनसिंग दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. राखीनं फोन हातात घेऊन पाहिलं.

"आहे ना बापू सगळं?"

"हाये."

"मंग आता दुकान तरी उघडा. लोक उभे हायेत."

यंदा ती गल्ल्यावर बसते आणि लोकांना सांगते, काका, पासवर्ड ओरडू नका. येत्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करणार आहे. त्यानं सगळा पैसा नव्या बारा शब्दांत हलवला आणि पुन्हा बाईंकडेच आला. सहा शब्द, मोठ्या अक्षरात, पुढे आकडे घातलेले.

"पुन्हा माझ्याकडे?"

"दुसरं कोन हाये? आता आकडे टाकले हायेत, बाई. आणि संक्रांतीले ताळा करू. पक्कं."

संक्रांतीला तो आला. घरात हळदीकुंकवाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कागद काढायचा कसा? त्यानं दारातच हात पुढे केला, तिळगूळ घेतला, म्हणाला, "येतो मंग, निवांत." बाई म्हणाल्या, "ये." बाहेर राखी मोटारसायकलवर थांबली होती. ताळा राहिला.