मामांच्या डोक्यातलं वाइंडिंग

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत विहिरीवरची मोटार जळाली, की माणसं आधी मोटारीसाठी हळहळत आणि मग माझ्या मामेसासऱ्यांच्या भीतीनं गार पडत. तळेगाव ढमढेऱ्यात मामांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली जळकी तार काढून नवी भरायचं, दुकान होतं. त्यांनी भरलेली मोटार सहसा पुन्हा जळत नसे, हे खरं. पण ती ताब्यात मिळेपर्यंत शेतकरी निम्मा व्हायचा. एकदा एकाचा कांदा पाण्यावाचून माना टाकत होता आणि मामा तयार मोटार देईनात, कारण आतल्या तारांवर बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी एका रेषेत आल्या नव्हत्या. "मामा, आत कोण बघतंय गाठी?" तो बिचारा म्हणाला. "मला ठावं हाय न्हवं," म्हणत मामांनी सगळा दोरा कापून टाकला. मीही त्यांना टरकून असे. त्यांच्याकडे जेवायला बसलो, की दारात चपला वाकड्या तर काढल्या नाहीत ना, या धास्तीनं घास उतरत नसे.

मामींचं तर विचारूच नका. त्यांनी वाळत घातलेलं धुणं मामा उतरवून पुन्हा घालायचे, लावलेले डबे पुन्हा लावायचे. रागानं नाही हो, अगदी मन लावून. सव्वीस वर्षं हे सोसून एके सकाळी मामी भांडगावला भावाकडे निघून गेल्या. फोनवर मला म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या हातचं एकबी काम त्यांनी तसंच ठिवलं न्हाई. डॉक्टरला दाखवा, तवाच मी यीन."

मी मामांना पुण्याला नेलं. सगळं नेमकंच हवं, दुसऱ्यावर काही सोपवणं जमत नाही, आणि यात काही बिघडलंय असं स्वतःला वाटतही नाही, असा एक स्वभावाचाच विकार असतो, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. अशा माणसांच्या मेंदूतल्या भागांची आपसातली जोडणी जरा निराळी असते का, याचा त्या अभ्यास करत होत्या. "मेंदूचा फोटो काढायला याल का?" त्यांनी विचारलं. मामांनी होकाराची मान हलवली, पण चेहरा पार उतरला.

परतीच्या एसटीत कोरेगाव भीमा आल्यावर ते हळूच म्हणाले, "जोडणी चुकलेली निघाली तर आतलं समदं तोडून काढत्याल. मी रोज छिन्नीनं काढतो. जळकी तार कुणी सरळ करत बसत न्हाई." मी हसायला गेलो आणि हसूच येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पट्टीनं रेघा आखलेला कागद दिला. वर लिहिलं होतं, 'मला काही आठवलं नाही तर'. खाली दुकानातली कामं ओळीनं होती, आणि शेवटी, 'बायकोचं नाव मला सांगावं. ती भांडगावला आहे.'

फोटोच्या दिवशी यंत्राची धडधड ऐकत बाहेर मीच घामाघूम झालो होतो. मामा आले, खुर्चीत बसले आणि मामींचं नाव दोनदा पुटपुटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका फोटोवरून तुमचं काही सांगता येणार नाही. उपचार म्हणजे इथं येऊन बोलायचं, आणि रोज दुसऱ्याचं एक काम जसं झालंय तसं राहू द्यायचं.

"तोडायचं काई न्हाई?"

"काही नाही."

"मग तर लई अवघड हाय," मामा म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही मामींना आणायला भांडगावला गेलो. परतताना जीपमध्ये मामींच्या मांडीवर पिशवी होती, चेन अर्धी उघडी आणि आतल्या साडीचा पदर बाहेर लोंबत. मामींनी तो मुद्दाम तसा ठेवला होता, हे मला कळलं. चौफुल्यापर्यंत मामांचा हात दोनदा पुढं झाला आणि गुडघ्यावर परत आला. कपाळावर घाम साचला होता. इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाला भीत होतो. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भिऊन तोच जगत होता, हे मला तेव्हा दिसलं आणि फार वाईट वाटलं.

शेवटी मामींनाच बघवेना. "घाला आत," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "तुझी पिशवी हाय."

मामी खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि तळेगाव येईपर्यंत डोळे पुसत राहिल्या.