वाणाच्या डब्यांचा भाव

"दीदी, जो पैसा ज़्यादा कटा, वो अलग से नहीं मिलेगा. पूरा ऑर्डर वापस कर दीजिए," कस्टमर केअरचा मुलगा फोनवर पुन्हा म्हणाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आईनं स्टीलच्या डब्या ऑनलाइन मागवल्या होत्या. ॲपवर दिसलेल्या भावापेक्षा जास्त पैसे कापले गेले. आमचं चुकलं नाही, हे त्या मुलानंही मान्य केलं. वाद घालून मी थकले होते. हो म्हटलं.

आई म्हणाली, "काहून हो म्हटलंस? उद्या बायका येऊन राहिल्या. मी सगळ्या डब्यांना कुंकू लावून त्या देवापुढे ठेवल्या."

अशा वेळी तुम्ही भांडत राहता, की सोडून देता?

आज सकाळी डब्या न्यायला माणूस आला. आईनं त्याला तिळगूळ दिला. डब्या दिल्या नाहीत.