खिडकी नसलेली केबिन: बाबांबरोबर मुंबई-गोवा क्रूझ

क्रूझला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही, बाबांच्या झोपेसाठी. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या दिवसांत बाबा सलग दोन तासांच्या वर झोपले नव्हते. गोळ्या घेऊन झाल्या. आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले, जागा बदलून बघा. पण नातेवाइकांकडे गेलं की सगळे आईचंच विचारतात, आणि गुडघ्यांमुळे देवस्थानांच्या पायऱ्या जमत नाहीत. सामान एकदाच उघडायचं, चालणं कमी, ओळखीचं कोणी नाही, असा प्रवास शोधता शोधता मी जहाजापर्यंत पोचले.

बाबा सर्वेयर होते, म्हणजे सरकारी खात्यात जमीन मोजायचे. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बेल्याच्या घरी मराठी लिहावाचायला त्यांनीच शिकवलं. तेलुगू शाळेत नाव घालायच्या आधीच मला गावाच्या नकाशावर चारी दिशा बोटाने दाखवता येत होत्या. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची सवयही त्यांचीच. आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा त्यांचा तबादला वांकिडीला झाला. कालपर्यंत आपल्याच जिल्ह्यातलं गाव, आता दुसऱ्यातलं. जायला बस बदलत अर्धा दिवस लागतो. नोकरीची शेवटची वर्षं ते तिथे खोली घेऊन राहिले.

आई त्याच काळात आजारी पडली. एक दिवस म्हणाली, "खाट फिरव, मले फाटक दिसलं पायजे." फाटक दक्षिणेला आहे. ते पडल्या पडल्या दिसायचं तर डोकं उत्तरेला येणार, आणि आमच्याकडे उत्तरेला डोकं फक्त मेलेल्या माणसाचं करतात. आत्याने मला झापलंही. तरी मी खाट फिरवली. त्यानंतर आई बारा दिवस होती. बाबा रोज फोनवर म्हणायचे, एवढी मोजणी उरकतो आणि येतो. ते पोचले तेव्हा खाट धुऊन अंगणात उभी केलेली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "डोकं दक्षिणेलेच होतं ना?" आत्या शेजारी उभी होती. मी "हो" म्हटलं.

आता निवडीबद्दल सांगते, कारण बहुतेक जण हे त्यासाठीच वाचत असतील. मी वहीत अकरा रकाने आखले होते आणि चार महिने भरत होते. विदेशी कंपनीचं मोठं जहाज जाहिरातीत स्वस्त दिसतं, पण बंदराचा कर वेगळा, बक्षिसी डॉलरमध्ये आणि रोज खोलीमागे. कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या साध्या जहाजाचं भाडं परवडत होतं, पण परवाना लागतो आणि बेटावर उतरताना हलत्या होडीत पाय टाकावा लागतो. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी तेच घ्यावं. उरलं मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं आपल्याकडचं जहाज: तीन रात्री, शाकाहारी जेवण वेगळं, हिंदी-मराठी बोलणारी माणसं. जेवण भाड्यातच असतं. दारू, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे निराळे. गाणीबजावणी भरपूर असते, हेही आधीच माहीत असू द्या.

शेवटचा रकाना केबिनचा. आतली केबिन, समुद्राकडच्या खिडकीची आणि बाल्कनीची. आतली आणि खिडकीची यांच्यात दोघांचा मिळून नऊ हजारांचा फरक होता. मी "खिडकी"वर काट मारली. खोलीत काय, झोपायचंच तर आहे, असा विचार केला. अकरा रकान्यांत चूक झाली ती इथे.

आदिलाबादहून मुंबईला थेट रेल्वे आहे, जवळपास एक दिवस लागतो. स्टेशनवरून बंदरापर्यंत टॅक्सी. आत्याने दिलेल्या भाकरी आणि ठेचा गाडीतच संपवला, कारण बाहेरचं जेवण जहाजावर नेऊ देत नाहीत. तपासणीत बाबांच्या पिशवीतून पितळी होकायंत्र निघालं. मोजणीच्या कामातलं, स्वतःच्या पैशाने घेतलेलं.

"ये क्या है अंकल?"

"दिशा देखने का."

"जहाज में हमारे पास है," तो पोरगेला शिपाई हसत म्हणाला आणि परत दिलं.

केबिन स्वच्छ होती. पलंग, आरसा, कपाट आणि चार बाजूंना भिंती. बाबांनी होकायंत्र पलंगावर ठेवलं. काटा डुगडुगला आणि आरशाकडे जाऊन थांबला. दाराशी नेलं तर दाराकडे. "लोखंड हाय सगळं," ते म्हणाले. "हे इथं खोटंच बोलनार." मी चादर नीट करत राहिले.

मग ते कॉरिडॉरमध्ये गेले. तिथे आमच्या खोल्या बघणारा कर्मचारी होता, मालवणचा.

"बापू, उत्तर कोनीकडे हाय?"

त्याने हात लांब केला. "काका, जहाजाचं तोंड तिकडे. दक्षिणेला चाललोय. म्हणजे तुमची उशी आहे ती उत्तर."

बाबांनी उशी उचलून पायथ्याशी ठेवली आणि आडवे झाले. अर्ध्या तासाने उठले. "जहाज वळलं वाटते." पुन्हा कॉरिडॉर. तिसऱ्या खेपेला तो मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही झोपा. वळलो की मी दार वाजवीन." बाबा हसले. झोपले मात्र नाहीत. मीही नाही.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात. नाश्त्याला टेबलावर पुण्याचं एक जोडपं होतं. त्या बाईंनी विचारलं, "आदिलाबाद म्हणजे तेलंगणा ना? मग तुम्हाला मराठी कसं येतं?"

"आमी जागेवरच हाओ," बाबा म्हणाले. "जिल्हे बदलत राह्यतात."

त्या हसल्या. बाबांनी पोहे अर्धे टाकले.

वरच्या डेकवर गेलो. पाण्याला रंग नव्हता, आकाशही राखाडी. डाव्या हाताला ढगांमागे सूर्याचा पांढरा डाग होता. बाबांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच खांदे सैल सोडले. "हे पूर्व. आता समजलं." आम्ही कठड्याजवळच्या खुर्च्यांवर बसलो. मागे लाउडस्पीकरवर कोणीतरी लोकांना नाच शिकायला बोलावत होतं.

पाण्याकडे बघतच बाबा म्हणाले, "घरी फरशीवर गंजाचे डाग हायेत. पाह्यले तू?"

"हो."

"खाटेच्या पायांचे. आधी खाट पूर्व-पश्चिम होती, मंग उत्तर-दक्षिण केली, एवढं त्याच्यावरून निघते. उशी कोन्या टोकाले होती, ते नाही निघत. ते तू सांगतलं. दक्षिणेले."

मी त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

"दक्षिणेले डोकं, म्हंजे फाटकाकडे पाठ. मी वर्षभर हेच मोजून राह्यलो. काऊन पाठ फिरोली असंन तिनं? एवढी रागावली माह्यावर?"

वर्षभर मी माझ्याच चुकीचा हिशोब करत होते: खाट फिरवली, नियम मोडला, आई गेली, वर खोटं बोलले. माझ्या त्या एका "हो"वर बाबा रोज काय रचत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बाबा, मी खोटं बोलली. उशी उत्तरेले होती. आईनंच खाट फिरवाले लावली. तिले फाटक दिसाले पायजे होतं."

लाउडस्पीकर एक-दोन-तीन-चार म्हणत होता.

"किती दिवस?"

"बारा."

"बाराही दिवस?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "म्हंजे वाट पाह्यली." मग म्हणाले, "हे तर त्याहून वाईट झालं."

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

"भेव वाटलं."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, जवळही घेतलं नाही. "चाल, खाली जाऊ," म्हणाले. आणि पायऱ्या उतरताना गुडघ्यासाठी माझा खांदा धरला, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. लोक टोप्या घालून उतरले. गोवा कसा होता ते मला विचारू नका. बाबा नाश्ता करून केबिनमध्ये आले, कोणालाही दिशा न विचारता आडवे झाले आणि झोपले. सकाळी दहापासून संध्याकाळी लोक परत येईपर्यंत. मी दिवा बंद करून खुर्चीत बसून होते. खिडकी नसलेल्या खोलीत भर दुपारी इतका अंधार असतो की स्वतःचा हात दिसत नाही. मालवणच्या मुलाने चहा आणला, मी दारातूनच परत पाठवला. मध्ये एकदा बाबांनी झोपेत आईचं नाव घेतलं, नेहमी घरात हाक मारायचे तसं.

परतून आता दोन महिने झाले. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पावसाळ्यात ही जहाजं बंद असतात, हिवाळ्यात लवकर भरतात, तेव्हा चार महिने रकाने आखत बसू नका. आणि दुसरं काहीही कापा, खिडकीचे पैसे द्या. म्हाताऱ्या माणसाला बाहेर काही दिसो न दिसो, बाहेर कुठल्या बाजूला आहे ते कळलं पाहिजे.

बाबांना आता झोप लागते. मुंबईहून आलो त्याच दिवशी त्यांनी अंगणातली लोखंडी खाट एकट्याने ओढत आत आणली आणि तिचे चार पाय त्या गंजाच्या चार डागांवर बसवले, एकेक बघून, दोनदा. उशी उत्तरेला ठेवली. आत्या येऊन ओरडून गेली. बाबा तिला म्हणाले, "माहीत हाय मले, कोनीकडे हाय ते." ते तसेच झोपतात, तोंड फाटकाकडे करून. मी उशी हलवत नाही. एकदा मी खाट फिरवली आहे.

फक्त सकाळी कापसाच्या गाड्या रस्त्याला लागायच्या आधी मी उठते. आधी त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. मग जाऊन फाटक उघडते.